आई १९५६ च्या पलीकडे जाते तेव्हा

जयंतीच्या वर्गणीची मीटिंग होती. मीटिंग संपता संपता एका पोरानं मला सरळ विचारलं, "सर, तुम्ही आईला आश्रमात टाकली म्हणं?"

पोरगं चांगलं आहे. वाचणारं आहे, मोर्चात पुढं असतं. त्यानं टोमणा मारला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. बाकीची पोरं खाली बघायला लागली. मी म्हणालो, "टाकली नाही रे. ठेवली." आणि म्हणतानाच माझं मला कळलं, हे काही उत्तर नाही. ठेवायला ती काय गाठोडं आहे? पण आपल्या बोलण्यात या गोष्टीला तिसरं क्रियापदच नाही. टाकली, नाहीतर ठेवली. दोन्हीत बाई मुकी.

त्या दिवशी मी उत्तर टाळलं. हे लिहिणं म्हणजे त्या पोराला दिलेलं उत्तर आहे. एकट्या त्यालाच नाही. तुम्ही सगळे आज विशी-पंचविशीत आहात. तुमच्याही आया म्हाताऱ्या होणारच आहेत.

१

आईची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. गावात दीक्षा झाली तेव्हा ती न्हाती-धुती झाली होती, म्हणजे तेरा-चौदाची. माणदेशातलं गाव. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं, जायला पैसे नव्हते. दीक्षा गावात आली ती पुढच्या वर्षी. घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून आजोबांनी ओढ्याच्या डोहात टाकले. आई सांगायची, "म्या बी एक टाक फेकला. हात कापत व्हता. वाटलं, आता काय व्हतंय. काय बी झालं न्हाई."

"काय बी झालं न्हाई" हे तिचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान झालं. त्याच्या जोरावर तिनं येसकरकीची भाकरी मागणं सोडलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, मिलोची भाकरी खाल्ली, आम्हाला घेऊन पुण्याला आली. झोपडीत राहिली. महानगरपालिकेच्या एका इस्पितळात आया म्हणून लागली आणि अठ्ठावीस वर्षं परक्या माणसांचं हगणं-मुतणं काढलं. त्यावर आम्ही शिकलो. माझ्या हातात खडू आला तो तिच्या हातातल्या बेडपॅनमुळं. हे मी भाषणात पुष्कळदा सांगितलं आहे, टाळ्याही घेतल्या आहेत.

२०१८ पासून ती विसरायला लागली. आधी डाळीत मीठ. मग गॅस. मग रस्ता. पुरुषांच्या नावानं नाही, पण बायांच्या नावानं आपल्यात लगेच म्हणतात, "म्हातारीला चळ लागला." मीही सुरुवातीला चिडायचो. मग डॉक्टरांनी नाव सांगितलं, डिमेन्शिया. स्मृतिभ्रंश. त्यातला अल्झायमर हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात पन्नाशीची एक बाई दाखल झाली होती. ती गेल्यावर डॉक्टर अल्झायमरनं तिचा मेंदू तपासला आणि १९०६ साली ते जगापुढं मांडलं. म्हणजे हा चळ नाही. मेंदूतल्या पेशी मरत जातात. आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांत शंभरात सातांहून अधिकांना हा आजार असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात आहे. बायांत जास्त, खेड्यात जास्त आणि जिथं शिक्षण पोचलं नाही तिथं जास्त. ज्यांना शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्यांच्याकडून ही दुसरी वसुली.

घरी आम्ही चार वर्षं काढली. मी, बायको, पोरगी. "आम्ही" म्हणतो, पण खरं तर बायकोनं काढली. मी चळवळीत होतो. आई रात्री उठून दार उघडून चालायला लागायची, "ड्यूटी हाय." दोनदा रस्त्यावर सापडली. एकदा सापडायला दुपार झाली. बायकोची कंबर गेली. एके रात्री बायकोनं आईवर हात उगारला आणि मग तीच कोपऱ्यात बसून रडली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी व्याख्यानाला गेलो. विषय होता, स्त्री-दास्य.

२०२२ साली आईला शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात नेलं. तिची पेन्शन आणि माझ्या पेन्शनमधला लचका मिळून तिथले पैसे भरतो. इथं मी भाग्यवान आहे हे मला मान्य करावंच लागेल. वस्तीतल्या दहा घरांत नऊ घरांना हा पर्यायच नाही. तिथं म्हातारी दाराला दोरीनं बांधलेली असते आणि सून कामाला गेलेली असते. त्या सुनेला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही.

२

आता "टाकली" या शब्दाकडं येतो. हा शब्द त्या पोराच्या तोंडात कुठून आला?

श्रावणबाळापासून आला. आंधळे आईबाप कावडीत घालून तीर्थयात्रेला नेणारा पोरगा. आपल्या सरकारनं म्हाताऱ्यांच्या पेन्शनलासुद्धा त्याचंच नाव दिलं आहे. महिना १५०० रुपये, आणि नाव श्रावणबाळ. पण दोस्तहो, ती गोष्ट नीट वाचा. वाल्मीकी रामायणात त्या पोराला नावसुद्धा नाही. दशरथाचा बाण लागून मरताना तो राजाला काय सांगतो? भिऊ नकोस, तुला ब्रह्महत्येचं पाप लागणार नाही, मी ब्राह्मण नाही, माझी आई शूद्र आहे. मरता मरता पोरगं मारणाऱ्याची काळजी करतं! त्याच्यामागं त्या आंधळ्या म्हातारा-म्हातारीचं काय झालं? तेही मेले. राज्यात त्यांना सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळी जबाबदारी एका पोराच्या खांद्यावर टाकायची, पोरगं मेलं की सगळं संपलं आणि राजाला फक्त शाप. ही व्यवस्था आदर्श म्हणून आपल्यापुढं ठेवली आहे.

आणि घराघरात ती कावड पोरगा उचलत नाही. सून उचलते. नाव श्रावणाचं होतं.

तथागतांनी हीच गोष्ट वेगळी सांगितली आहे. अंगुत्तर निकायात आहे. एका खांद्यावर आई, एका खांद्यावर बाप घेऊन शंभर वर्षं हिंडलास, त्यांना न्हाऊ-माखू घातलंस, त्यांनी तिथंच मलमूत्र केलं तरी सोसलंस, तरी त्यांचं ऋण फिटत नाही. इथपर्यंत श्रावणच. पण पुढं तथागत म्हणतात ते ध्यानात घ्या. ऋण फिटतं ते आईबापांना श्रद्धेत, शीलात, दानात, प्रज्ञेत उभं केलं तर. म्हणजे खांद्यावर घेणं हा मुद्दा नाही, माणूस म्हणून उभं करणं हा मुद्दा आहे.

हे वाचून मला बरं वाटलं. मग लगेच घाम फुटला. ज्या आईची प्रज्ञाच रोज थोडी थोडी विझते आहे, तिला कशात उभं करायचं?

३

शुश्रूषागृहात पहिला महिना वाईट गेला. आई दारातच बसायची. हॉलमध्ये खुर्च्या होत्या, टीव्ही होता. ती उंबऱ्याबाहेर, चपला काढतात तिथं. आत ये म्हटलं की म्हणायची, "हितंच बरं हाय. मला भायेरच बसू द्या."

मला वाटलं, घरी जायचं म्हणून दार धरून बसली असेल. मग एका रविवारी मी गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. तिला तहान लागली होती. पाण्याचा फिल्टर पाच पावलांवर, बाजूला ग्लास उपडे घातलेले. आई उठली नाही. आतून कुणी जाताना दिसलं की ती पदर आवरून घ्यायची, भिंतीला चिकटायची. मग एका बाईला ती म्हणाली, "बाय, वाईच पानी घाल की वरनं." आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली.

दोस्तहो, मी आयुष्यात ओंजळीवर कविता वाचल्या, लेख वाचले. ओंजळ प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. आईनं ती आम्हाला दिसू दिली नव्हती. पुण्यात आल्यापासून ती कुणाच्याही घरी गेली की स्वतः उठून तांब्या घ्यायची, मुद्दाम. साहेबाच्या घरीसुद्धा.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी कमजोर होतो. म्हणून सकाळचं जेवण आठवत नाही आणि लहानपणचा ओढा आठवतो. आठवणींची इमारत वरच्या मजल्यापासून खाली पडत येते. आधी नातवंडं गेली. मग इस्पितळ जायला लागलं. मग पुणं. असं उतरत उतरत आई १९५६ पर्यंत आली आणि काही दिवस त्याच्याही खाली उतरते. तिथं काय आहे? तिथं महारवाडा आहे. आड आहे. वरून पाणी घालणारी पाटलीण आहे.

बामणाच्या घरची म्हातारी अशीच खाली उतरली तर परसातल्या झोपाळ्यावर जाऊन बसते. आमची म्हातारी उतरली की चपलांपाशी येऊन बसते. आजार एकच. जात आजारातसुद्धा सोडत नाही.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. मी तिच्यावर भाषण केलं. हो. म्हणालो, "आई, ऊठ. आपण महार नाही. आपण बौद्ध. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी पिलं ते कशासाठी? तू असं बसलीस तर त्यांनी काय म्हणावं?" माझा आवाज चढला होता. आई घाबरली. माझ्याकडं बघून म्हणाली, "हळू बोल बाबा, ऐकंल कुनी." आणि रडायला लागली.

चवदार तळं मी तिला पाजलं नाही. तिच्या डोक्यात घातलं.

तिथं काम करणारी एक बाई हे बघत होती. बीडकडची, मराठ्याची. कोरडवाहू दोन एकर, नवरा ऊसतोडीत हात मोडून बसलेला. ती काही बोलली नाही. एक ग्लास पाणी भरून आणलं, आईच्या पुढं फरशीवर ठेवलं आणि स्वतःही तिथंच चपलांपाशी फतकल मारून बसली. म्हणाली, "आजी, मलाच तहान लागली. तुमच्या हातानं द्या की." आई बघतच राहिली. म्हणाली, "माज्या हातचं? चालंल का तुला?" "न चालायला काय झालं?" आईनं ग्लास उचलून दिला. ती अर्धं पिली. उरलेलं आईपुढं केलं. आईनं ग्लासाला तोंड लावलं.

झालं एवढंच. दुसऱ्या दिवशी आई ते विसरली होती. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं ते पुन्हा केलं. तीन-चार आठवडे रोज केलं. आता आई ग्लास हातात घेते. कशामुळं घेते ते तिला सांगता येणार नाही. पण डोक्यातून गेलेलं कधी कधी हातात राहतं. रोजची कृती हाताला कळत जाते, डोक्याला न सांगता.

मी हे मराठ्यांना प्रमाणपत्र म्हणून सांगत नाही. तीच बाई महिनाभरानं मला आवाज बारीक करून म्हणाली होती, "तुम्ही जयभीमवाले ना? आमच्याकडं पण हायेत, पन तुमच्यासारखे न्हाईत." तेही तिच्यात आहे, हेही आहे. पण महाडचा अर्थ त्या दुपारी तिनं मला शिकवला हे मी नाकारू शकत नाही. १९२३ साली बोल्यांचा ठराव झाला होता, महाडच्या नगरपालिकेनंही ठराव करून तळं खुलं केलं होतं. कागद होता, तरी पाणी नव्हतं. माणसं चालत गेली, वाकली, प्यायली, तेव्हा महाड झालं. समता सांगायची गोष्ट नाही. ती हातानं करायची असते, आणि पुन्हा पुन्हा करायची असते.

४

आता मनातली एक घाण सांगतो. लपवून लिहायचं तर हे मासिक कशाला काढायचं.

आईला आंघोळ घालताना, तिची चड्डी बदलताना त्या बाईला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या मनात काय आलं? दया नाही, कृतज्ञता नाही. मनात आलं, पाटलाच्या वळणाची बाई आज महारणीचं हगणं काढते आहे. बघा म्हणावं गावाला. छाती फुगली.

रात्री झोप लागली नाही. म्हणजे मला मनूची शिडी मोडायची नव्हती, फक्त उलटी लावायची होती? माझ्या आईनं अठ्ठावीस वर्षं हेच काम केलं. तेव्हा कुणाची तरी छाती अशीच फुगत होती. काम तेच, शिडी तीच, पायऱ्यांवरची माणसं बदलली म्हणून क्रांती होत नाही. ती बाई बारा तास राबते आणि महिन्याला बारा हजार घेते. सुट्टी महिन्यातून दोन. तिच्या स्वतःच्या सासूला गावाकडं कोण बघतं? कुणी नाही. तिथली म्हातारी उघडी पडते तेव्हा माझी म्हातारी झाकली जाते. हे साधं गणित मी करत नव्हतो, कारण मला सूड मोजायचा होता.

आणि तिथलीही उतरंड बघा. आंघोळ घालणाऱ्या चार बाया, त्यात दोन आपल्या, एक मातंग, एक ही मराठ्याची. पोटानं तिला इथं आणलं. पण संडास धुणारा मात्र एकच आहे आणि त्याची जात तुम्हाला सांगायची गरज नाही. तिथं मराठा येत नाही. आपलाही येत नाही. आपण त्याला "भाऊ" म्हणतो आणि चहाचा कप वेगळा ठेवतो का, हे पुढच्या खेपेला नीट बघा. मी बघितलं. ठेवलेला होता.

आजारी भिक्खूची गोष्ट विनयात आहे. पोट बिघडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. सोबतचे कुणी बघत नव्हते, कारण तो त्यांच्या कामाचा नव्हता. तथागत आले, आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. नंतर संघाला जमवून विचारलं, तुम्हीच एकमेकांना बघणार नाही तर कोण बघणार? तथागतांनी तिथं हीन जातीचा सेवक बोलावला नाही. घाण काढणं हे जातीचं काम नाही, ते माणसाचं काम आहे, हे स्वतःच्या हातानं दाखवलं. म्हणून मी आता रविवारी गेलो की आईला मी धुतो. पहिल्यांदा आईही लाजली, मीही. साठीला आलेला मुलगा आईला धुतो हे आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणे. सुनेनं धुतलेलं बसतं.

५

आता खरा प्रश्न. तुम्ही वाचणारी पोरं, तुम्हाला विचारतो.

आठवण गेली तर स्वाभिमान कुठं जातो?

जॉन लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ सतराव्या शतकात म्हणून गेला की माणूस तोच आहे हे त्याच्या जाणिवेवरून, स्मृतीवरून ठरतं. हे धरलं तर टाक फेकणारी ती पोरगी आता नाही. दीक्षा घेतलेली आई संपली, चपलांपाशी बसणारी कुणी दुसरीच म्हातारी आहे. आत्मा मानणारे म्हणतील, आत आत्मा तसाच आहे, देह भ्रमिष्ट झाला. आपण तर आत्मा मानत नाही. मग आपण काय म्हणायचं?

मिलिंदाला नागसेन दिव्याचं उदाहरण देतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरात जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच का? तीच नाही आणि वेगळीही नाही. माझं म्हणणं, दिवा रात्रभर जळतो तो एकट्याच्या बळावर नाही. कुणी तेल घालतं, कुणी वात सारतं, कुणी वाऱ्याला हात आडवा धरतं.

तुम्ही म्हणाल, सर, हे घातक आहे. स्वाभिमान दुसऱ्याच्या हातात दिला तर मग बाबासाहेबांनी काय शिकवलं? आपल्या पायावर उभं राहा, कुणाच्या मेहेरबानीवर जगू नका. बरोबर. मलाही हाच प्रश्न पडला. मग मी ओंजळीकडं पुन्हा बघितलं. आई काय जन्मताना ओंजळ घेऊन आली होती? तिच्या हाताला ती कुणीतरी शिकवली. रोज, हजारदा, वरून पाणी घालून. अपमान बाहेरून आत गेला होता. आणि स्वाभिमान? तोही ती एकटीनं मिळवला नव्हता. नागपूरला लाखो माणसं एकत्र उभी राहिली, गावात अख्खा वाडा ओढ्यावर गेला, तेव्हा तिच्या कापत्या हातात टाक फेकायचं बळ आलं. स्वाभिमान हा आपण एकमेकांत मिळून उभा केला होता. तेव्हा एखाद्याच्या डोक्यातून तो गळाला तर बाकीच्यांनी तो धरून ठेवायचा. ही मेहेरबानी नाही, ती मूळ कराराची अंमलबजावणी आहे.

मेहेरबानी आणि ह्यात फरक कुठं आहे? दया वरून घालतात, ओंजळीत घालतात तशी. मैत्री शेजारी बसते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब प्रज्ञेनं सुरुवात करतात, प्रज्ञा पुरेशी नाही म्हणून शील सांगतात, मग करुणा, आणि करुणाही पुरेशी नाही म्हणून मैत्री सांगतात. मी हा क्रम शंभरदा शिकवला होता. पुढं ग्लास ठेवून कुणी फरशीवर बसलेलं बघेपर्यंत तो मला कळला नव्हता.

दोन गोष्टी आणखी सांगतो, कारण तुम्ही विचारालच.

पहिली, कामाची. आई तिथं रमली ती टीव्हीनं नाही. तिनं एक दिवस धुतलेल्या चादरींचा ढीग बघितला आणि घड्या घालायला बसली. कोपरे जुळवून, इस्पितळातल्यासारख्या. आता रोज तिला ढीग देतात. मी आधी भांडलो. म्हणालो, माझ्या आईला पुन्हा चतुर्थ श्रेणी कशाला? माझी पांढरपेशी अस्मिता दुखावली होती. पण आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी भीती नसते. ती ड्यूटीवर असते. १९५६ च्या अलीकडं असते. ते काम तिच्यावर लादलेलं होतं हे खरं, आणि त्या कामातून तिनं घर उभं केलं हेही खरं. मी भांडण सोडलं. एवढं बघतो की घड्या तिनं थांबवल्या की थांबू देतात का. देतात.

दुसरी, खोटं बोलण्याची. आई विचारते, "तुजा बाप आला का कामावरनं?" बाप १९९८ साली गेला. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. तिनं हंबरडा फोडला. तासाभरानं पुन्हा विचारलं. पुन्हा खरं सांगितलं, पुन्हा हंबरडा. तिला मी एका दिवसात तीनदा विधवा केलं. मुसावादा वेरमणी आपण रोज म्हणतो. मग? तथागत कर्माचं मूळ चेतनेत, हेतूत बघतात. मी स्वतःला एक कसोटी लावली. या बोलण्याचा फायदा कुणाला? आता ती विचारते तेव्हा मी म्हणतो, "बापाचं काय करतेस? सांग की, कसा होता?" ती सांगते, तिचं मन भरतं. यात खोटं नाही. पण निघताना मी म्हणतो, "भाजी घेऊन येतो गं आई," आणि येत नाही. ते खोटं आहे. ते माझ्यासाठी आहे, तिचे डोळे चुकवण्यासाठी. ते मी अजून बोलतो. शील पाळता येत नाही तिथं निदान शीलभंगाला शीलभंग म्हणावं.

६

मग टाकली की ठेवली? मी म्हणतो, प्रश्न चुकीचा आहे. घरात असून माणूस टाकलेलं असतं, बाहेर असून धरलेलं असतं. मी चार वर्षं आईला घरात टाकलं होतं आणि बायकोच्या अंगावर टाकलं होतं. आता आठवड्यातून एक दिवस मी तिला धरतो. सहा दिवस दुसरी माणसं धरतात. एवढ्यानं भागतं असं मी म्हणत नाही. पण हे एका चांगल्या बाईच्या चांगुलपणावर सोडायचं नसेल, तर ती चळवळीची मागणी झाली पाहिजे.

संविधानाच्या ४१ व्या कलमात म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याचा हक्क सांगितला आहे. २००७ साली आईबाप आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झाला. म्हाताऱ्यांना टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही, हे त्यातलं सगळ्यांना माहीत. पण त्याच कायद्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी निदान जिल्ह्याला एक, दीडशे माणसांचं निवासगृह सरकारनं उभारावं असंही लिहिलं आहे. पोराला कैद सांगणारं कलम लोकांच्या तोंडपाठ आहे, सरकारला काम सांगणारं कलम कुणाला ठाऊक नाही. पुन्हा श्रावणबाळ. आपण ते दुसरं कलम घेऊन जिल्हाधिकाऱ्याच्या दारात बसलं पाहिजे. आणि तिथं राबणाऱ्या बायांच्या पगाराचा प्रश्न त्याच निवेदनात घातला पाहिजे, वेगळा नाही.

तोपर्यंत एक करा. आपल्या वस्तीत विहार आहे. दुपारी कुलूप असतं. दोन तास उघडा. म्हाताऱ्यांना आणून बसवा, पाणी द्या, त्यांच्याकडून पाणी घ्या. सुनेला दोन तास पाठ टेकू द्या. ज्यांना आठवतं त्यांचं १९५६ लिहून घ्या, त्यांनी ओढ्यात काय टाकलं ते लिहून घ्या. ज्यांना आठवत नाही त्यांना त्रिशरण म्हणायला लावा. आई माझं नाव विसरली आहे, पण "बुद्धं सरणं" म्हटलं की पुढचं तिच्या तोंडून येतं, न अडखळता. सूर मागे राहतो. तोही जाईल एक दिवस.

गेल्या रविवारी गेलो. इस्त्रीचा शर्ट होता, खिशाला पेन. आईनं मला ओळखलं नाही. घड्या घालता घालता वर बघितलं आणि म्हणाली, "कोन, सायेब?" आणि गुडघ्यावर हात देऊन उठून उभी राहायला लागली.

मी काही सांगितलं नाही. महाड नाही, नागपूर नाही. तिच्या पुढं फरशीवर बसलो आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. थोडा वेळ ती तशीच अर्धवट उभी होती. मग तीही खाली बसली.

जयभीम.